विकलेल्या बंदुकीची रुखरुख

अमेरिकेत बंदुका बाळगणारी दोन माणसे निवांत बोलायला बसली की एक विषय हमखास निघतो: विकायला नको होती ती बंदूक. कुणी मुलीच्या शिक्षणासाठी वडिलांची रायफल विकलेली असते, कुणी घटस्फोटाच्या धामधुमीत रिव्हॉल्व्हर, तर कुणी नवी बंदूक घेताना जुनी दुकानदाराला देऊन टाकलेली असते. विक्रीला वीस-तीस वर्षे उलटलेली असतात, आलेले पैसे तेव्हाच संपलेले असतात, पण रुखरुख मात्र गेलेली नसते. जुनी मोटार, जुने घर, जुने घड्याळ यांच्यासाठीही माणसे हळहळतात. मात्र बंदुकीच्या हळहळीला एक गंभीर बाजू आहे, कारण बंदूक हे जीव घेणारे हत्यार आहे. ते घरात ठेवायचे की घराबाहेर काढायचे हा निर्णय ‘पुढे पस्तावा होईल’ या धास्तीने अडून राहत असेल, तर ती धास्ती नेमकी कशाची हे तपासायला हवे. माझे म्हणणे असे की ही रुखरुख खरी असते, पण बहुतेक वेळा ती लोखंडाच्या आणि लाकडाच्या त्या वस्तूसाठी नसते. वस्तूला चिकटलेले एखादे माणूस, एखादा काळ आणि त्या काळातले आपण, यांच्यासाठी ती असते. ही दोन्ही एकमेकांपासून सोडवता आली, तर आठवण जपून हत्यार सोडता येते. माणसांना ते जमते आणि कायद्यालाही जमू शकते.

हा विषय अमेरिकेत एवढा मोठा का, हे आकड्यांवरून कळते. प्यू रिसर्च सेंटर या संस्थेने २०१७ साली केलेल्या पाहणीत तिथल्या ३० टक्के प्रौढांनी आपल्या मालकीची बंदूक असल्याचे सांगितले. या मालकांपैकी ६६ टक्क्यांकडे एकाहून अधिक बंदुका होत्या आणि २९ टक्क्यांकडे पाच किंवा त्याहून जास्त. बंदूक कशासाठी, या प्रश्नाला ६७ टक्क्यांनी स्वसंरक्षण हे मोठे कारण सांगितले, ३८ टक्क्यांनी शिकार आणि १३ टक्क्यांनी संग्रह. ७३ टक्के मालक म्हणाले की आपण कधी बंदूक बाळगणार नाही अशी कल्पनाच आपल्याला करवत नाही. इतक्या घरांत इतक्या बंदुका असल्या की त्यांची खरेदी-विक्रीही सतत चालू राहते. परवानाधारक दुकाने आहेत, शनिवार-रविवारी भरणारी बंदुकांची प्रदर्शने आहेत, तारण ठेवून पैसे देणाऱ्या पेढ्या आहेत. अनेक राज्यांत एकाच राज्यातले दोन रहिवासी दुकानदाराला मध्ये न घेता आपसात व्यवहार करू शकतात. बंदूक हे चटकन पैसे उभे करून देणारे साधन आहे, म्हणून नोकरी गेली, दवाखान्याचे बिल आले, संसार मोडला की तिच्याकडे हात जातो. गहाण ठेवलेली स्वतःचीच बंदूक सोडवून घ्यायची तरी तिथे मालकाची पार्श्वभूमी पुन्हा तपासली जाते. तेव्हा पुष्कळशा विक्रींच्या मागे एक वाईट काळ उभा असतो, आणि विक्रीची आठवण त्या काळाच्या आठवणीसह येते. पस्ताव्याचा काही भाग त्या काळाचा असतो, हे पुढच्या सगळ्या विवेचनात ध्यानात ठेवावे लागेल.

या पस्ताव्याचे सर्वांत सरळ स्पष्टीकरण पैशाचे आहे: तेव्हा स्वस्तात विकली, आज तिला सोन्याचा भाव आहे. त्यात तथ्य आहे. विंचेस्टर कंपनीची ‘मॉडेल ७०’ ही शिकारी रायफल १९३६ साली बाजारात आली. खर्च वाचवण्यासाठी कंपनीने १९६४ साली तिची रचना बदलली. काडतूस पेटीतून वर येताच त्याला घट्ट पकडणारा पोलादी आकडा काढून टाकला, लाकडावरची हाताने कोरलेली नक्षी जाऊन ठशाने दाबलेली नक्षी आली. शिकाऱ्यांनी हा बदल मनावर घेतला, आणि १९६४ पूर्वीच्या रायफलींचा एक वेगळाच वर्ग तयार झाला. त्यांची किंमत चढत गेली आणि ज्यांनी त्या आधीच विकल्या होत्या त्यांना चुटपुट लागली. स्वयंचलित मशिनगनचे उदाहरण याहून ठळक आहे. १९ मे १९८६ रोजी अमेरिकेत लागू झालेल्या कायद्याने त्या तारखेनंतर बनलेल्या मशिनगन सामान्य नागरिकांना घेता येणार नाहीत असे ठरवले. जुन्या नोंदणीकृत मशिनगन विकता येतात, पण त्यांची संख्या कायमची गोठली. त्यामुळे एकेकाळी सामान्य माणसाला परवडणारी एम-१६ आज तीस हजार डॉलरच्याही पुढे जाते. रशियन बनावटीच्या मोसिन-नागां रायफली दोन दशकांपूर्वी शंभर डॉलरच्या आसपास ढिगाने मिळत. आयात आटली तशी त्यांचीही किंमत कित्येक पटींनी वाढली.

तरीही हिशेब मांडून पाहिला तर पैशाचे स्पष्टीकरण पुरे पडत नाही. कोल्ट कंपनीची ‘पायथन’ ही रिव्हॉल्व्हर घेऊ. विकल्याचा पस्तावा होणाऱ्या बंदुकांत तिचे नाव नेहमी वर असते. १९५५ साली ती १२५ डॉलरला मिळत होती. आज चांगल्या अवस्थेतली जुनी पायथन अडीच हजार डॉलरला गेली असे धरले, तर साधारण सत्तर वर्षांत किंमत वीस पट झाली. ऐकायला हे मोठे वाटते, पण वर्षाकाठी वाढ साडेचार टक्क्यांच्या जवळपास पडते. याच काळात अमेरिकेतली महागाई वर्षाला सुमारे साडेतीन टक्क्यांनी वाढली. म्हणजे खरी वाढ उरली जेमतेम एक टक्का, आणि त्यातून तेलपाणी, तिजोरी, विमा यांचा खर्च वजा करायचा. विकून आलेले पैसे मोठ्या कंपन्यांच्या शेअरमध्ये टाकून विसरले असते, तर ते कितीतरी अधिक झाले असते. मशिनगनसारख्या मोजक्या वस्तू सोडल्या, तर बंदूक विकणाऱ्याचे फार आर्थिक नुकसान झालेले नसते. नुकसान झालेच असेल तर ते मिळालेले पैसे खर्चून टाकल्यामुळे झालेले असते.

याहून मोठा पुरावा बाजारातच आहे. कोल्टने २००५च्या सुमारास पायथन बनवणे थांबवले होते. २०२० साली कंपनीने ती पुन्हा आणली, किंमत ठेवली १,४९९ डॉलर. दुर्मिळता हेच दुखण्याचे मूळ असते, तर नवी पायथन हातात येताच जुनीची हळहळ संपायला हवी होती. ती संपली नाही; जुन्या पायथनच्या किमती नव्या पायथनच्या वरच राहिल्या. दुसरे उदाहरण अगदी साध्या बंदुकीचे. रुगर कंपनीची १०/२२ ही छोट्या काडतुसाची रायफल १९६४ पासून अखंड बनते आहे. अमेरिकेतली असंख्य मुले हिच्यावरच नेम धरायला शिकली. ही रायफल दुर्मिळ नाही, महागही नाही. आज विकली तर उद्या तशीच दुसरी कुठल्याही दुकानातून आणता येते. तरीही बारा-तेरा वर्षांचे असताना बापाने दिलेली १०/२२ विकून टाकल्याची खंत माणसे बाळगतात. तशीच दुसरी आणून ती खंत जात नाही. ज्या वस्तूची हुबेहूब जोड सहज मिळते तिच्यासाठी जीव तुटत असेल, तर जे हरवले ते वस्तूच्या बाहेरचे काहीतरी आहे, असाच निष्कर्ष निघतो.

मानसशास्त्र आणि अर्थशास्त्र या दोन्ही शाखांतल्या अभ्यासांनी या बाहेरच्या गोष्टीचा माग काढला आहे. डॅनियल कानेमान, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग आता सर्वत्र शिकवला जातो. कॉर्नेल विद्यापीठातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना त्यांनी कॉफीचे मग वाटले आणि ते उरलेल्यांना विकायला सांगितले. मग मिळून काही मिनिटेच झाली होती, तरी विकणाऱ्यांची अपेक्षा घेणाऱ्यांच्या तयारीच्या साधारण दुप्पट निघाली. आपली झालेली वस्तू सोडणे हे माणसाला तोट्यासारखे लागते आणि तोटा नफ्यापेक्षा जास्त बोचतो. मिनिटांच्या मालकीने एवढा फरक पडत असेल, तर वीस हिवाळे खांद्यावर वाहिलेल्या रायफलीचे काय होईल याचा अंदाज करता येतो. रसेल बेल्क या अभ्यासकाने १९८८ सालच्या एका गाजलेल्या निबंधात यापुढचे पाऊल टाकले. माणूस आपल्या वस्तूंना आपल्या ‘स्व’चाच विस्तार मानतो, म्हणून त्या गेल्या की आपलाच एखादा भाग गेल्यासारखे त्याला वाटते, अशी मांडणी त्यांनी केली. बंदूक या मांडणीत नेमकी बसते. ती पोलाद आणि अक्रोडाच्या लाकडाची असते, फार झिजत नाही, नीट राखली तर शंभर वर्षे चालते आणि म्हणून मालकापेक्षा जास्त जगते. मोटार वापरून खिळखिळी होते, तिचा निरोप घेण्याची तयारी मनात हळूहळू होत जाते. बंदूक मात्र शेवटच्या दिवशीही पहिल्या दिवसासारखीच दिसते. ती निकामी झाली म्हणून जात नाही, आपण ठरवले म्हणून जाते, आणि त्या ठरवण्याचा भार आपल्याच डोक्यावर राहतो.

पस्ताव्याचा काळाशी असलेला संबंधही इथे पाहावा लागतो. थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी १९९०च्या दशकात दाखवून दिले की नजीकच्या काळात माणसाला केलेल्या गोष्टींचा पस्तावा जास्त होतो, तर मागे वळून सबंध आयुष्याकडे पाहताना न केलेल्या गोष्टींचा. विक्री ही केलेली गोष्ट. या नियमाने तिची बोच काळाबरोबर कमी व्हायला हवी. मला वाटते, इथे पस्तावा आपले रूप बदलतो. ‘मी विकली’ ही बोच पुढे ‘मी सांभाळली नाही’, ‘आजोबांना तिच्याविषयी कधी विचारले नाही’, ‘मुलाला दिली नाही’ अशी होते. विक्रीची खंत बघता बघता न केलेल्या गोष्टींच्या खंतीत मिसळते आणि म्हणून टिकते. शिवाय परतीचा रस्ता बंद असतो. बहुतेक बंदुकांवर त्यांचा क्रमांक कोरलेला असतो, त्यामुळे तीच बंदूक शोधता येईल अशी आशा पुष्कळांना असते. पण १९८६च्या त्याच कायद्याने अमेरिकेच्या केंद्र सरकारला बंदुकांची मध्यवर्ती नोंदवही ठेवण्यास मनाई केली आहे. वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्ग इथल्या केंद्रात बंदुकांचा माग काढला जातो, पण तो पोलिसांच्या तपासासाठी. जुन्या मालकाच्या ओढीसाठी नाही. दोन-तीन हातांतून गेलेली बंदूक त्याच्यापुरती नाहीशी झालेली असते.

वारशाने आलेल्या बंदुकांत हे सारे अधिक तीव्र होते. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांनी जर्मन आणि जपानी हत्यारे युद्धाची खूण म्हणून घरी आणली. आणण्याची परवानगी देणारा, वरिष्ठ अधिकाऱ्याच्या सहीचा कागद त्यांतल्या काहींना मिळाला होता. आज अशा पिस्तुलासोबत तो कागद असेल तर त्याची किंमत कागद नसलेल्या तशाच पिस्तुलापेक्षा बरीच जास्त येते. पिस्तूल तेच, पोलाद तेच. वाढलेली किंमत त्या कागदाची आहे, म्हणजे ते कुणी, कुठून आणि कधी आणले या हकिकतीची आहे. बंदुकीचा इतिहास बंदुकीपासून वेगळा करता येतो आणि त्याला स्वतंत्र मोल असते, हे बाजारानेच इथे मान्य केले आहे. उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. हकिकत कुणी लिहून ठेवली नाही, सांगणारा गेला, तर नातवाच्या हाती फक्त एक हत्यार उरते. मग तो ते विकतो आणि पुढे त्याला कुणी आजोबांविषयी विचारले की आपण काय विकले हे त्याला कळते. अशा वेळी बंदूक ठेवली असती तर हकिकत वाचली असती असे त्याला वाटते. पण हकिकत बंदुकीच्या आधीच हरवलेली होती.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप सुरक्षेचा आहे. पुष्कळ मालक म्हणतात, आठवणींचे राहू द्या. आम्ही बंदूक घराच्या रक्षणासाठी ठेवतो, ती विकल्यावर वाटणारी रुखरुख ही असुरक्षित झाल्याची जाणीव आहे आणि ती रास्त आहे. दूरच्या वस्तीत, पोलीस पोहोचायला तास लागतो अशा ठिकाणी राहणाऱ्याची ही भीती खोटी म्हणता येणार नाही. पण भीती खरी असणे आणि भीतीवरचा उपाय लागू पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेव्हिड स्टडर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या २ कोटी ६० लाख प्रौढांच्या नोंदी तपासून २०२० साली एक अभ्यास ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केला. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसारखी हातबंदूक असलेल्या पुरुषांमध्ये बंदुकीने आत्महत्या होण्याचे प्रमाण ती नसलेल्यांच्या जवळजवळ आठ पट होते, आणि स्त्रियांमध्ये पस्तीस पट. यावर कुणी म्हणेल की ज्यांना जीव द्यायचाच होता त्यांनीच बंदूक घेतली असेल. खरेदीनंतर लगेचच्या दिवसांत धोका सर्वाधिक होता, एवढ्यापुरते हे बरोबर आहे. पण बंदूकमालकांच्या अशा मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू खरेदीला वर्ष उलटून गेल्यावर झाले. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे मेली. त्यांपैकी २६,३२८ म्हणजे ५४ टक्के आत्महत्या होत्या. चोर-दरोडेखोर डोळ्यांपुढे ठेवून जी बंदूक घरात येते, तिचा सर्वांत मोठा धोका घरातल्याच एखाद्या खचलेल्या माणसाला असतो. ज्याने ती वेळीच बाहेर काढली त्याला रुखरुख वाटत असेल, पण जे टळले ते त्याला दिसत नाही. विकलेल्या बंदुकीची उणीव जाणवते, न घडलेला मृत्यू जाणवत नाही. म्हणून या प्रश्नात पस्ताव्याची साक्ष एकतर्फी असते आणि तिच्यावर निर्णय सोपवता येत नाही.

मग करायचे काय? पस्तावा होईल म्हणून सगळे धरून ठेवायचे नसेल, तर पस्ताव्याचे जे मूळ आहे त्यालाच हात घालायला हवा. याचा एक चांगला पुरावा कॅरेन विंटरिच, रेबेका रेझेक आणि ज्युली अर्विन यांच्या २०१७ सालच्या अभ्यासात आहे. पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाच्या वसतिगृहांत वर्षअखेरीस जुन्या वस्तू दान करण्याचे आवाहन करण्यात आले. काही वसतिगृहांत नेहमीचेच आवाहन होते, तर काहींत जिव्हाळ्याच्या वस्तूचे छायाचित्र काढून ठेवा आणि मग वस्तू द्या, असे सुचवले होते. छायाचित्राचे सुचवले तिथे सुमारे १५ टक्के जास्त वस्तू जमा झाल्या. आठवण राखण्याची सोय झाली की वस्तू सोडताना स्वतःचा भाग गेल्यासारखे कमी वाटते, असा त्यातून निघालेला अर्थ. वसतिगृहातले कपडे आणि आजोबांची रायफल यांची बरोबरी कशी होईल, असे कुणी विचारील आणि ते बरोबरच विचारील. एका छायाचित्राने आजोबांची उणीव भरून निघणार नाही. पण बंदुकीच्या बाबतीत जपण्यासारखे छायाचित्राहून बरेच काही असते: क्रमांक, खरेदीची पावती, कुठल्या हंगामात कुणाबरोबर ती नेली याच्या नोंदी, वापरणाऱ्याच्या तोंडून ध्वनिमुद्रित केलेली हकिकत. वायोमिंग राज्यातल्या कोडी गावच्या संग्रहालयात विंचेस्टरच्या जुन्या कारखान्याच्या नोंदवह्या आहेत. त्यांत सापडणाऱ्या क्रमांकाची बंदूक कारखान्यातून कधी बाहेर पडली, मुळात कशी होती, हे तिथून लेखी मिळते. ज्याने क्रमांक टिपून ठेवला त्याला विक्रीनंतरही हा धागा पकडता येतो.

डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांचा २००२ सालचा एक प्रयोगही इथे कामाचा आहे. हार्वर्डमध्ये छायाचित्रणाच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना आपल्या दोन छायाचित्रांपैकी एक ठेवून दुसरे द्यायला सांगितले. काहींना काही दिवस निवड बदलण्याची मुभा होती, काहींची निवड अखेरची होती. ज्यांना मुभा नव्हती ते आपल्या छायाचित्रावर जास्त समाधानी राहिले. दार पुरते बंद झाले की मन निर्णयाशी जुळवून घेते. फटीतून उजेड येत राहिला की घुटमळते. म्हणून ‘कधीतरी परत विकत घेईन’ अशा बोलीवर मित्राला विकलेली बंदूक पुष्कळदा जास्त छळते. विकायची तर नीट विचार करून, आठवण उतरवून घेऊन आणि कायमची विकावी. मात्र संकटाच्या वेळी वेगळा रस्ता हवा. घरात कुणी निराशेच्या गर्तेत असताना कायमच्या विक्रीचा आग्रह धरला तर मालक अडून बसतो; काही आठवड्यांसाठी बाहेर ठेवू या म्हटले तर तो ऐकण्याची शक्यता जास्त. कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांत अशी तात्पुरती ठेव घेण्यास तयार असलेली बंदूक दुकाने, नेमबाजीच्या जागा आणि पोलीस ठाणी दाखवणारे नकाशे तयार केले गेले आहेत. गमावण्याची भीती दूर केली की जीव वाचवणारा निर्णय सोपा होतो, हे तत्त्व त्यामागे आहे.

कायद्यानेही आठवण आणि हत्यार यांत फरक केल्याचे उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. मार्च १९९६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डनब्लेन गावच्या शाळेत एका बंदूकधाऱ्याने १६ मुले आणि त्यांच्या शिक्षिका यांना ठार केले. पुढच्या वर्षी तिथे हातबंदुका खासगी मालकीत ठेवण्यावर बंदी आली आणि लोकांनी सुमारे १ लाख ६२ हजार हातबंदुका मोबदला घेऊन सरकारजमा केल्या. इतक्या कडक कायद्यातही काही अपवाद ठेवले गेले. १९४६ सालापूर्वी मिळवलेली युद्धाची खूण म्हणून ठेवलेली शस्त्रे परवान्यावर राखता येतात, तसेच १९१९ पूर्वी बनलेल्या ऐतिहासिक मोलाच्या काही हातबंदुकाही. काही खास महत्त्वाच्या बंदुका मालकाच्याच राहतात, पण सरकारने नेमून दिलेल्या जागी ठेवाव्या लागतात. या अपवादांनी बंदीचे दात बोथट झाले नाहीत. आजोबांनी युद्धातून आणलेले पिस्तूल आणि नेमबाजीसाठी गेल्या साली घेतलेले पिस्तूल यांत घराण्याच्या दृष्टीने फरक आहे, एवढे कायद्याने ओळखले. त्याच वर्षी, एप्रिल १९९६ मध्ये, ऑस्ट्रेलियात पोर्ट आर्थर इथे ३५ जणांची हत्या झाली आणि तिथल्या सरकारने सुमारे साडेसहा लाख बंदुका पैसे देऊन परत घेतल्या. तिथे मालकांना मोबदला मिळाला. पण मोबदला किमतीची भरपाई करतो, आठवणीची नाही, आणि म्हणूनच ब्रिटनचे अपवाद अभ्यासण्यासारखे आहेत.

हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. भारताच्या १९५९च्या शस्त्र कायद्यात १९८३ साली दुरुस्ती होऊन एका व्यक्तीला तीनच बंदुका ठेवण्याची मर्यादा आली. डिसेंबर २०१९च्या दुरुस्तीने ती दोनवर आणली आणि जादा बंदुका वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायला सांगितल्या. मूळ विधेयकात मर्यादा एकाच बंदुकीची होती. वडिलोपार्जित बंदुकांचा मुद्दा पुढे आल्यावर ती दोनची झाली. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार संपत गेली, आणि जुन्या घराण्यांतल्या इंग्लिश बनावटीच्या रायफलींचा उपयोगही संपला. कित्येकांनी त्या विकल्या. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून परदेशी बंदुकांची खासगी आयात बंद झाली, तेव्हा देशात आधी आलेल्या परदेशी पिस्तुलांचे भाव लाखांत गेले आणि आधी विकणाऱ्यांना हळहळ वाटली. कोकणात शेतीच्या राखणीसाठी परवान्यावर ठेवलेली ठासणीची बंदूक निवडणुका आल्या की पुष्कळदा ठाण्यात जमा करावी लागते, तेव्हा शेतकरी कुरकुरतो. त्या कुरकुरीत माकड-डुकरांची चिंता असते आणि बापाच्या हातची वस्तू दुसऱ्याच्या कोठारात पडल्याची अस्वस्थताही. खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा करणाऱ्या समाजाला शस्त्राशी असलेले हे नाते समजावून सांगायची गरज नाही. पूजेच्या पाटावर न चालणारी जुनी तलवार चालते. गोळ्या भरलेले पिस्तूल असायलाच हवे असे नाही. हत्याराचा मान आणि हत्याराची मारक शक्ती वेगळी ठेवण्याची रीत आपल्याकडे आधीपासून आहे. तिसरी बंदूक सोडायला सांगणाऱ्या कायद्याने हीच रीत पुढे न्यायला हवी. वारशाची बंदूक कायमची निकामी करून घरीच ठेवण्याचा किंवा घराण्याच्या नावाने जिल्ह्याच्या संग्रहालयात देण्याचा पर्याय कुटुंबाच्या हाती सहज आणि कमी कागदपत्रांत यायला हवा.

शेवटचा आक्षेप असा येईल की ही सगळी भावनेची मलमपट्टी आहे. बंदुका कमी करायच्या तर लोकांच्या खंतीचा विचार कशाला करायचा? मला हे पटत नाही. अमेरिकेत बंदुकीविषयीची चर्चा जिथे जिथे अडते, तिथे एक बाजू दुसरीला वेडगळ समजते आणि दुसरी पहिलीला निष्ठुर. जवळजवळ तीन-चतुर्थांश मालक बंदुकीशिवायचे आयुष्य कल्पूच शकत नाहीत असे सांगतात, तेव्हा त्यांच्या मनात बापाचा हात, गावचे रान आणि तरुणपण असते, हे समजून न घेता केलेला कोणताही कायदा त्यांना लुटीसारखा वाटेल आणि ते त्याला पळवाटा शोधतील. समजून घेतले तर बोलणे सुरू होते. बंदूक विकण्याआधी कुटुंबाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत: ही कुणाची होती, तिची हकिकत कुणाला ठाऊक आहे, आणि ती या घरात राहिल्याने कुणाला धोका आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवावीत, ध्वनिमुद्रित करावीत, कागद सांभाळावेत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कुणाचेही नाव घेऊन येत असेल, तर बंदूक त्याच दिवशी घराबाहेर जावी. पहिल्या दोन प्रश्नांचे काम नीट केलेले असेल, तर तिसऱ्याचे उत्तर अमलात आणताना माणूस आपले काही गमावत नाही. पुढे थोडी रुखरुख राहिलीच, तर जिवंत माणसाच्या मोबदल्यात ती सोसण्यासारखी आहे.